साक्ष कुणाची, किती? (गीता, अध्याय १०, श्लोक १२ ते १८)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक १२ ते १८. याच अध्यायातला ३२वा श्लोकही उघडून ठेवा, शेवटाकडे लागेल. आजचं चिंतन जरा लांबलंय. मेट्रोत वाचत असाल तर जाताना अर्धं, येताना अर्धं वाचलंत तरी चालेल.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

भाऊबीजेची गोष्ट

गेल्या भाऊबीजेला बाबांबरोबर फलटणला आत्याकडे गेलो होतो. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि माझ्या बायकोने सहज विचारलं, "आत्या, तुम्ही वारीला जायचात ना?" झालं, आत्याने तिची गोष्ट काढली. आम्ही सगळे ती लहानपणापासून ऐकत आलोय.

१९९७ ची आषाढी. वाखरीचा तळ, म्हणजे पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम. पाऊस, चिखल, माणसंच माणसं. आत्याचा हात सुटला आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा गर्दीत हरवला. दोन तास दिंडीतल्या लोकांनी शोधलं, चोपदारांपर्यंत निरोप गेला. मोबाईल नव्हतेच तेव्हा. आणि मग डोक्यावर घोंगडी घेतलेला, कपाळाला बुक्का लावलेला एक माणूस पोराचा हात धरून थेट आत्याच्या राहुटीपाशी आला. "माउली, लेकरू सांभाळा," एवढंच म्हणाला. आत्याने पोराला पोटाशी धरलं, मान वर केली, तर समोर कुणी नाही. आजूबाजूच्या बायकांनी त्याला येताना पाहिलं नाही, जाताना पाहिलं नाही.

"तो विठोबाच होता," आत्या म्हणाली. दरवेळी गोष्ट याच वाक्याने संपते.

त्या दिवशी मला काय झालं माहीत नाही. बहुतेक बायकोसमोर हुशारी दाखवायची होती. मी म्हटलं, "आत्या, वाखरीच्या गर्दीत माणूस दिसेनासा होणं यात काय विशेष? साक्षीदार एकच, तीही दोन तास रडलेली. याला आमच्याकडे अ‍ॅनेक्डोट म्हणतात, एव्हिडन्स नाही."

पोरं हसली. आत्याही हसली. "असेल बाबा," म्हणाली आणि ताटं उचलायला उठली.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "तू चुकीचं बोललास असं नाही. पण तिनं तुझ्याकडे काही मागितलं होतं का?"

पुढे संक्रांतीला आत्या आमच्याकडे आली. वारीचा विषय निघाला तेव्हा तिने तो हळूच बदलला. मला ते टोचलं, अजून टोचतंय. म्हणून आजचा अभ्यास.

अर्जुनाने साक्ष कशी घेतली

दहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की सगळ्याचा उगम मी आहे. थांबून विचार करा, हे किती मोठं विधान आहे! समोर लगाम धरून बसलेला मामेभाऊ, सखा, आणि तो म्हणतोय की विश्व माझ्यापासून निघतं. याहून असाधारण दावा कुठला असेल?

अर्जुन यावर काय करतो? श्लोक १२ आणि १३ नीट पाहा. तो साक्षीदारांची नावं घेतो. सगळे ऋषी असं म्हणतात, देवर्षी नारद म्हणतात, असित, देवल आणि व्यास म्हणतात, आणि आता तू स्वतःही मला तेच सांगतो आहेस. चौदाव्यात तो म्हणतो की हे सगळं मी खरं मानतो. आणि अठराव्यात म्हणतो, पुन्हा सांग, सविस्तर सांग, ऐकून माझं समाधान होत नाही.

मला यात तीन गोष्टी दिसल्या. एक, अर्जुन साक्षीला किंमत देतो आणि कुणाची साक्ष, हे नावानिशी सांगतो. 'सगळे म्हणतात' इतक्यावर थांबत नाही. दोन, 'मी खरं मानतो' असं तो स्वतःपुरतं बोलतो. तीन, साक्ष ऐकल्यावर तो पुढे आणखी विचारतो.

आणि अकरावा अध्याय उघडलात तर गंमत कळेल. इतकं खरं मानणारा अर्जुन तिथे म्हणतो की ऐकलं, आता पाहायचंय. सोबत अट घालतो ती स्वतःवर: मला ते पाहणं शक्य आहे असं तुला वाटत असेल तर दाखव. कृष्ण त्यावर रागावत नाही. 'माझ्या शब्दावर विश्वास नाही का?' असं विचारत नाही. उलट पाहण्यासाठी दिव्य दृष्टी देतो. म्हणजे ऐकून मानणं आणि पाहावंसं वाटणं, ही दोन्ही एकाच भक्ताच्या मनात शेजारी शेजारी राहू शकतात. शंका आली म्हणजे भक्ती गेली असं समजणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी हे लक्षात ठेवावं.

'आप्त' कुणाला म्हणायचं?

आपल्या परंपरेत साक्षीचा प्रश्न भावनेवर सोडून दिलेला नाही. ज्ञानाची साधनं कोणती, यावर दर्शनांमध्ये शेकडो वर्षं वाद झालेत. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात: डोळ्यांना दिसलं तर खरं. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि वैशेषिक म्हणतात, दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं हा अनुमानाचाच एक प्रकार आहे, त्याला वेगळं साधन मानायचं कारण नाही. न्यायदर्शन म्हणतं, नाही, शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे. पण कुणाचाही शब्द चालणार नाही, आप्ताचा शब्द हवा.

मग आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन जे उत्तर देतो ते मला फार आवडतं. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे तुमची जात, पंथ, डिग्री यापैकी काहीही बघायचं नाही. तुम्हाला ते माहीत आहे का आणि तुम्ही प्रामाणिक आहात का, इतकंच बघायचं.

ही कसोटी एका प्रसिद्ध गोष्टीला लावून पाहू. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तरल्या, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' सिनेमात पाहिलीही असेल. या गोष्टीला साक्षीदार कोण? एक, खुद्द तुकोबा. देवाने पाण्यात कागद राखले, असा उल्लेख त्यांच्या अभंगात आहे. दोन, रामेश्वर भट्ट, जे आधी विरोधात होते आणि नंतर शिष्य झाले. त्यांच्या नावावर असलेली तुकोबांची आरती आपण आजही म्हणतो. रामाने समुद्रावर दगड तारले तसे हे अभंग पाण्यात राखले गेले, असं ती सांगते. तीन, महिपती. त्याचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभरहून जास्त वर्षांनी लिहिलेला.

या तीन साक्षी सारख्या वजनाच्या नाहीत. महिपती भक्त आहे, प्रामाणिक आहे, पण त्याने ऐकलेलं लिहिलंय. तुकोबांची साक्ष सगळ्यात जवळची, पण ते कागद कसे राखले गेले याचा रिपोर्ट ते देत नाहीत, ते देवाचे उपकार मानतात. रामेश्वर भट्टांची साक्ष वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते, कारण विरोधकाने आपलं मत बदलणं ही स्वस्त गोष्ट नसते. दुसरीकडे कुणी म्हणेल की अभंग लोकांना पाठ होते, टाळकऱ्यांकडे उतरवलेले होते, तेच पुन्हा जमले आणि त्यालाच 'तरले' म्हटलं गेलं. हे म्हणणाराही तुकोबांना खोटं पाडत नाही. तो 'राखले' या शब्दाचा अर्थ वेगळा लावतोय.

आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः इथे आहे. साक्षीसमोर दोन प्रश्न असतात. सांगणारा प्रामाणिक आहे का, हा पहिला. आणि घडलं ते त्याला जसं वाटलं तसंच होतं का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर आपण हवं तितकं भांडावं. पण बहुतेक वेळा आपण दुसऱ्याबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्याला पहिल्याचं उत्तर ऐकू जातं. मी म्हटलं 'एव्हिडन्स नाही', आत्याला ऐकू गेलं 'तू खोटारडी आहेस, नाहीतर वेडी आहेस'.

बंद केलेलं टिकीट

याच सुमारास ऑफिसात एक प्रकार घडला. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका टेस्टरने बग नोंदवला: नेटवर्क अगदी कमजोर असताना एकच पेमेंट दोनदा नोंदलं गेलं. मी लॉग पाहिला. एकच नोंद. मी स्वतः तीन-चार वेळा करून पाहिलं, एकदाही घडलं नाही. टिकीटवर 'पुन्हा घडवून दाखवता येत नाही' असं लिहून बंद केलं. तिने नम्रपणे परत लिहिलं, "सर, मी पाहिलंय." मी उत्तर दिलं नाही.

तीन आठवड्यांनी ग्राहकांकडून तीच तक्रार आली. उत्तर यायला उशीर झाला की अ‍ॅप तीच विनंती पुन्हा पाठवत होतं. दोन्ही विनंत्या दोन वेगळ्या सर्व्हरवर जात होत्या. दोघांनीही काही मिलिसेकंदांच्या आत तपासलं की आधीची नोंद आहे का. दोघांनाही ती नव्हती असंच दिसलं, आणि दोघांनी पेमेंट नोंदवलं. आणि मी लॉग पाहिला होता तो एकाच सर्व्हरचा.

मी तिची माफी मागितली. पण मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. कुठल्या स्क्रीनवर, किती वाजता, बटण एकदा दाबलंस की दोनदा, काही नाही. तिची साक्ष मी तपासून नाकारली नव्हती. न तपासताच नाकारली होती.

आता घाईने निष्कर्ष काढू नका, 'म्हणजे आत्याचंही खरंच!' नाही. पेमेंट दोनदा नोंदलं जाणं हा चमत्कार नाही, असले बग जगभर होतात. टेस्टर बरोबर निघाली म्हणून विठोबा वाखरीला आला होता हे सिद्ध होत नाही. हे मला कुणी लक्षात आणून दिलं असेल? त्या हरवलेल्या मुलाने.

त्या मुलाची बाजू

तो, म्हणजे माझा आतेभाऊ, आता चौतिशीत आहे, डॉक्टर आहे. आईवर जीव आहे त्याचा, पण देव वगैरे मानत नाही. त्याला फोन करून मी विचारलं, तुला काय आठवतं?

तो म्हणाला, "तंबाखूचा वास. आणि त्याने मला शेंगदाण्याची चिक्की दिली होती. आमच्या दिंडीचा नंबर मला पाठ होता, रोज कानावर पडायचा. मीच त्याला सांगितला असेल."

मी म्हटलं, "असेल, की सांगितलाच?"

जरा थांबून तो म्हणाला, "असेल. सहा वर्षांचा होतो रे."

बघा, शंका घेणाऱ्याची आठवणही साक्षच असते, आणि तीही तितकीच कच्ची असू शकते. हे त्याने स्वतः मान्य केलं, म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. पण त्याचं पुढचं वाक्य मी विसरू शकत नाही. "मला राग याचा येतो की एका साध्या माणसाने पावसात दोन तास घालवून माझी आई शोधली. त्याचं सगळं श्रेय आपण देवाला देऊन टाकलं. त्या माणसाची आठवण कुणी काढतं का?"

हा आक्षेप हलका नाही. चमत्कारांवरचा हा सगळ्यात चांगला आक्षेप मला वाटला, कारण तो प्रेमातून आलेला आहे. माझ्याकडे त्याला पाडणारं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "वारीत समोरच्या प्रत्येकाला माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. आत्या त्या माणसाला विठोबा म्हणते तेव्हा ती त्याला विसरते असं मला वाटत नाही. तिच्याकडे त्याच्यासाठी याहून मोठा शब्द नाही."

तो म्हणाला, "हे चांगलं आहे. पण आईला हे म्हणायचं नाहीये. तिला खरोखरचा विठोबा म्हणायचाय." तेही बरोबर. मतभेद मिटला नाही. पण फोन ठेवताना आम्ही दोघंही आधीपेक्षा जवळ होतो.

ह्यूम आणि प्राइस

या फोननंतर मला कॉलेजात शिकलेलं बेझचं प्रमेय आठवलं. मशीन लर्निंग शिकलेल्या सगळ्यांना ते माहीत आहे. पण ते आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे, तो पाहण्यासारखा आहे.

१७४८ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने चमत्कारांवरचा आपला निबंध छापला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शहाणा माणूस पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवतो. निसर्गाचा नियम हा सगळ्यांच्या अनुभवाने पक्का झालेला असतो. म्हणून चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती साक्ष खोटी निघणं हे त्या चमत्कारापेक्षाही मोठं आश्चर्य ठरेल.

थॉमस बेझ १७६१ साली वारला. त्याच्या कागदांमधला संभाव्यतेवरचा लेख त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने रॉयल सोसायटीकडे पाठवला, तो १७६३ चा. हा प्राइस ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. १७६७ साली त्याने ह्यूमला उत्तर दिलं. त्याचं उदाहरण लॉटरीचं होतं. वर्तमानपत्रात अमुक तिकिटाला बक्षीस लागल्याची बातमी येते. नेमका तोच नंबर लागण्याची शक्यता अत्यंत कमी असते. वर्तमानपत्रं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा चुकतात. तरी आपण बातमी खरी मानतो, आणि ते योग्यच असतं. म्हणजे घटना किती दुर्मिळ आणि साक्षीदार किती वेळा चुकतो, एवढंच तराजूत टाकून चालत नाही. घटना घडलीच नसती तर साक्षीदाराने नेमकी हीच गोष्ट सांगितली असती का, हेही पाहावं लागतं.

ह्यूमच्या बाजूनेही यावर बोलता येतं. लॉटरीत कुठला तरी नंबर लागणारच असतो, चमत्कार मात्र घडायलाच हवा असं काही नसतं. वाद इथे संपत नाही, आजही संपलेला नाही. पण ह्यूमने केलं काय? त्याने प्राइसला पत्र लिहून त्याच्या सभ्य भाषेबद्दल आभार मानले. ही मांडणी नवी आणि बुद्धिमान आहे, कदाचित भक्कमही असेल, विचार करायला वेळ हवा, असं कबूल केलं. आपला निबंध मात्र मागे घेतला नाही. एक धर्मोपदेशक, एक संशयवादी. दोघंही आपापल्या जागी राहिले, आणि दोघांनीही एकमेकांना शहाणं समजलं.

बेझच्या भाषेत सांगायचं तर साक्ष कानावर पडण्याआधी प्रत्येकाच्या मनात एक सुरुवातीचा आकडा असतो. देव या जगात येतो असं मानणाऱ्या आत्याचा आकडा वेगळा, माझ्या आतेभावाचा वेगळा. एकच साक्ष दोघांनाही सारखीच पुढे सरकवते, तरी दोघं वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. म्हणून दोघांपैकी कुणी मूर्ख ठरत नाही, की अप्रामाणिक ठरत नाही.

वाद, जल्प, वितंडा

आता ३२वा श्लोक. कृष्ण आपल्या विभूती सांगताना म्हणतो की वाद करणाऱ्यांमध्ये मी वाद आहे. आधी मला हे विचित्र वाटायचं. भांडण आणि विभूती? शंकराचार्य भाष्यात याचा संबंध बोलण्याच्या तीन प्रकारांशी लावतात: वाद, जल्प, वितंडा. त्यातला वाद श्रेष्ठ, कारण त्यातून अर्थाचा निर्णय होतो.

न्यायदर्शनात या तिघांची व्याख्या आहे. वाद म्हणजे दोन्ही बाजू प्रमाणं आणि तर्क घेऊन सत्य शोधायला बसतात. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी बोलणं, त्यात शब्दच्छल चालतो. वितंडा म्हणजे स्वतःची काही बाजूच न मांडता समोरच्याची मोडणं.

भाऊबीजेला मी काय केलं? माझ्याकडे बाजूच नव्हती. तो माणूस कोण होता, याचा मला पत्ता नव्हता. मला फक्त आत्याची गोष्ट मोडायची होती, तीही पोरांसमोर. शुद्ध वितंडा. त्या दिवशी घरात देवाची विभूती कुठे असेल तर ती 'असेल बाबा' म्हणून ताटं उचलणाऱ्या आत्यापाशी असेल. माझ्या बोलण्यात नक्कीच नव्हती.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. साक्षीचा आदर म्हणजे कुणाच्याही साक्षीला शरण जाणं नाही. एखादा बाबा म्हणत असेल की अंगारा घे आणि इन्सुलिन बंद कर, तर तिथे नम्रपणे पण ठाम उभं राहायचं. फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये 'एका भक्ताला अनुभव आला' असेल आणि खाली पैसे पाठवायचा नंबर असेल, तर वात्स्यायनाची कसोटी लावा: याने स्वतः काय जाणलं? जसं जाणलं तसं सांगण्याची इच्छा आहे, की दुसरी काही इच्छा आहे? साक्ष जितकं जास्त मागते, तितका पुरावा जास्त मागावा. पैसे, औषध, कुणाचा जीव, कुणाची अब्रू मागितली तर भरपूर मागावा. आत्याच्या गोष्टीने आजवर कुणाकडे काहीच मागितलेलं नाही. बाबांचं गाडीतलं वाक्य मला आता कळलं.

संजयाचे शेवटचे शब्द

गीतेचा सगळ्यात मोठा साक्षीदार कोण? संजय. विश्वरूपाचं वर्णन आपल्यापर्यंत त्याच्या तोंडून आलंय. आणि त्याला श्रोता मिळाला धृतराष्ट्र, जो सगळं ऐकूनही तसाच राहतो. संजय चिडत नाही. अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की हे आठवून आठवून मला हर्ष होतो. आणि जिथे कृष्ण आणि अर्जुन तिथे विजय, असं म्हणून शेवटच्या दोन शब्दांत सांगतो की हे माझं मत आहे. सातशे श्लोकांचा शेवट 'हे माझं मत' या नोंदीवर! कृष्णही त्याआधी अर्जुनाला म्हणतो की या सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

एवढा मोठा दावा करणाऱ्यांनी ऐकणाऱ्याला मोकळं ठेवलं. मग ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला मोकळं ठेवायला नको?

मागच्या रविवारी मी फलटणला गेलो. चहा झाल्यावर आत्याला म्हटलं, "आत्या, वाखरीची गोष्ट पुन्हा सांग ना. सविस्तर." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता काय लॉजिक काढणारेस?"

"नाही. त्या दिवशी चुकलो मी. मला प्रश्न विचारायचेत, पण मोडायला नाही."

तिने सांगितलं. मी विचारत गेलो. पाऊस किती होता, उजेड किती होता, बायका कुठे बसल्या होत्या. तिने एक गोष्ट सांगितली जी मी कधीच ऐकली नव्हती: पुढची दोन वर्षं वारीत ती त्या माणसाला शोधत होती. घोंगडी दिसली की तोंड बघायची. आतेभावालाही हे माहीत नव्हतं. त्याला रात्री फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मी आत्याला शेवटी विचारलं, "मग सापडला नाही म्हणून विठोबा म्हणतेस का?"

ती म्हणाली, "सापडला असता तरी म्हटलं असतं. तुला पटायला पाहिजे असं मी कधी म्हटलं?"

मला पटलंय का? खरं सांगतो, पूर्ण नाही. तो माणूस असावा, असं माझं मन म्हणतं. पण आत्याने जे पाहिलं ते ती जसंच्या तसं सांगते, याबद्दल आता मला तिळमात्र शंका नाही. आणि पुढच्या भाऊबीजेला ती गोष्ट निघाली तर मीच म्हणणार आहे, "पुन्हा सांग."

आजचा अभ्यास

१. घरातल्या कुणाचा असा एखादा अनुभव असेल जो तुम्ही हसण्यावारी नेला, तर त्यांना तो पुन्हा सांगायला सांगा. किमान तीन प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं तुम्हाला खरंच माहीत नाहीत.

२. तुमचा स्वतःचा अनुभव सांगताना शेवटी 'हे माझं मत' असं म्हणून पाहा. विश्वास कमी होतो का, ते बघा. माझा झाला नाही.

३. न पटणाऱ्या माणसाची बाजू एकदा त्याच्यासमोरच मांडून दाखवा. तो 'हो, मला हेच म्हणायचंय' म्हणाला की मगच आपली बाजू मांडा.

उद्या श्लोक १९ पासून पुढे, विभूतींची यादी सुरू होते.

राम कृष्ण हरी.